गरम गऱ्यांचं मीठ

मागीलदारच्या फणसाला यंदा अगदी बुंध्यापासून धरलंय. खालचे दोन तर जमिनीला टेकलेत. सकाळी भांडी घासायला गेले की आधी तिकडे बघायचं, ही माझी जुनी सवय. पण गेल्या वर्षापासून त्या बघण्यातली मजा गेली. फणस दिसला की मला अलोऱ्यातली एक कढई आठवते, कढईशेजारी बसलेली माझी विहीण आठवते, आणि मग दुपारपर्यंत माझं कशात लक्ष लागत नाही.

"झाली का सुरुवात?" आमचे हे विचारतात. "अगो, कुयऱ्या आहेत त्या अजून. त्यांचा फणस तरी होऊ दे, मग जळ."

जळते. त्यात लपवण्यासारखं काय आहे? मत्सर हा शब्द फार मोठा, नाटकातल्या राण्यांना शोभणारा. माझं आपलं साधं जळणं असतं, खाली लागलेल्या दुधासारखं. भांडं बदललं, वेलची घातली, तरी वास म्हणून जात नाही.

हे दिवस आमच्याकडे खरे आंब्याचे. रस्तोरस्ती पेंढा उडत असतो, अंगणात खोकी ठोकण्याचा आवाज चालू असतो, आणि भेटेल तो माणूस आपला आंबा कुठवर गेला ते सांगत असतो. फणसाला कोणी विचारत नाही. तो कुठे जात नाही. झाडावरून उतरवायचा, घरात फोडायचा, घरातच संपवायचा. उरला तर शेजारी, त्यातूनही उरला तर गाईला. म्हणून माझा त्याच्यावर जीव. बाहेरच्या कौतुकाची ज्याला गरज नाही असं एक तरी फळ आपल्या दारात आहे, असं मला वाटायचं. मग एका उन्हाळ्यात तळलेले गरे पुण्यातल्या एका ऑफिसात पोचले, आणि तिथे त्यांची वाहवा झाली. ते गरे माझे नव्हते.

सांगायला हवं. प्राची ही आमची एकुलती एक मुलगी. पुण्याला नोकरी करते. सासर अलोऱ्याचं. सासऱ्यांची सगळी नोकरी तिथल्याच वीजप्रकल्पावर झाली, निवृत्त झाल्यावर वसाहतीपासून जवळच त्यांनी घर बांधलं. माणसं चांगली आहेत. हे मी आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मला कोणी अडवायला नको.

तर दोन वर्षांपूर्वी याच दिवसांत प्राचीचा फोन आला. "आई, अलोऱ्याहून आईंनी गरे पाठवलेत. काय कुरकुरीत झालेत म्हणून सांगू! ऑफिसात डबा उघडला नि बघता बघता संपला. सगळे विचारत होते, कुठे मिळतात? मी म्हटलं, मिळत नाहीत, आमच्याकडे घरी करतात."

मी फोन कानापासून जरा लांब धरला.

'आमच्याकडे घरी करतात.' हे ती म्हणाली! जिच्या शाळेच्या दप्तरातून माझ्या हातचे गरे आठ-आठ दिवसांनी भुगा होऊन बाहेर निघायचे, ती म्हणाली. कोणाच्या घरी, ते तर विचारायलाच नको.

तिच्या शाळेसमोर एक टपरी होती. तिच्या छपराला पाकिटांच्या माळा लटकवलेल्या असायच्या, लाल, हिरव्या, निळ्या. समुद्रावरून वारा सुटला की त्या सगळ्या एकदम सळसळायच्या. मी ऑफिसातून येताना तिला घ्यायला जायची तेव्हा ती त्या माळांकडे बघत उभी असायची. वेफर्स, त्या पिवळ्या पोकळ नळ्या, मसाला लावलेलं काहीबाही. बाकीच्या मुली दहाही बोटांत नळ्या घालून, एकेक खात घरी जायच्या. मी म्हणायची, "घरी चल, डब्यात गरे आहेत." त्यावर तिचा चेहरा जो व्हायचा तो मला आजही काढून दाखवता येईल.

एकदा शाळेची सहल गेली, मुरुडला. मी आदल्या दिवशी गरे तळले, चुरमुऱ्यांचा चिवडा केला, धुतलेल्या दुधाच्या पिशव्यांत भरून रबर लावलं. संध्याकाळी पिशव्या गेल्या तशा परत आल्या. "खाल्लं नाहीस?" तर म्हणाली, "सगळ्यांकडे पाकिटं होती. पाकीट फोडलं की आवाज येतो. आपली पिशवी नुसती सुटते."

मग मी काय केलं, तर वेफर्सचं एक रिकामं पाकीट मिळवलं. आतून पुसून घेतलं, त्यात गरे भरले आणि मेणबत्तीच्या ज्योतीवर त्याचं तोंड चिकटवलं. बोटं भाजली, पण पाकीट असं काही झालं होतं की दुकानात ठेवलं असतं तर खपलं असतं. प्राची खूश. संध्याकाळी रडत घरी आली. पाकीट फोडलं, आवाजही आला, पण मागोमाग खोबरेल तेलाचा वास आला. बाकावरच्या मुली हसल्या. तेव्हापासून तिने शाळेत गरे न्यायचं बंदच केलं.

आणि आता तोच वास पुण्याला गेल्यावर सुवास झाला. पुण्याच्या दुकानांत म्हणे अशा वस्तूंची पाकिटं मिळतात, वर 'घरगुती' असं मोठ्या अक्षरात छापलेलं. त्यावर नथ घातलेली एक बाई हसत असते. त्या बाईवरही माझा राग आहे.

मी गरे करायची ते काही हौस म्हणून नव्हे. घरात पगार दोन असले तरी घराचे हप्ते जायचे, सासूबाईंचं औषधपाणी होतं. फणस दारचा, तेल घरच्या खोबऱ्याचं. विकतचं काय ते मीठ. पण कंजुषीने केलेलं तसंच दिसतं, हे मला पसंत नव्हतं. कापा फणस हवा, आत भरलेला पण पिकायला न लागलेला. बोटाने वाजवून बघायचा. विळीला नि हाताला तेल लावून फोडायचा, नाहीतर चीक दोन दिवस सुटत नाही. आठळ्या काढून बाजूला, त्या वेगळ्या भाजायच्या. गऱ्यांचे उभे काप करायचे, सगळे एका जाडीचे. ऑफिसातून आल्यावर हे सगळं करत बसायची तेव्हा आळीतले दिवे लागलेले असायचे आणि माझ्या नखांत चीक असायचा. प्राची जवळ आली तर मी म्हणायची, "तेल उडेल. जा, अभ्यास कर." ती जायची. अभ्यास तिने केलाही, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही.

आपण वर्षानुवर्षं एकाच दारावर थाप मारत राहावं आणि दुसऱ्या कोणी यावं नि नुसती कडी सरकवावी, तसं मला झालं. विहीणबाईंनी तिला एक डबा पाठवला, एकच. मी किती पाठवले असतील?

मी ह्यांना विचारलं. हे म्हणाले, "तू पाठवायचीस तेव्हा तिला ते फुकट मिळत होते. आता लांब गेली, किंमत कळली. त्यात विहीणबाईंचं काय?"

"मग कळलेली किंमत मला येऊन सांगायची. त्यांना कशाला?"

यावर त्यांनी पेपर वर धरला.

गेल्या वर्षी वैशाखात प्राची आणि जावई सुट्टी काढून अलोऱ्याला आले, आणि विहीणबाईंचा फोन आला. "ताई, या ना दोन दिवस. आमचा फणस अगदी बेताचा झालाय. प्राचीला यंदा गरे करायला शिकायचंय. तुम्ही असलात म्हणजे बरं."

शिकायचंय! मी येते म्हणाले. हे म्हणाले, तू भेटायला चालल्येस की तपासायला? मी ऐकलं न ऐकलंसं केलं, पिशवीत चार डझन आंबे भरले आणि सकाळची एसटी पकडली.

चिपळूण सोडून गाडी घाटाच्या बाजूला वळली की समुद्राचा वारा संपतो. हवा जड होते. डोंगर जवळ येतात आणि ऊन त्यांच्यामध्ये अडकून बसतं. खिडकीच्या दांडीला हात लावला तर चटका बसत होता. मी मनाशी म्हणत होते की या हवेत गरे कुरकुरीत राहतात तरी कसे. काहीतरी खोट असणार. तेल तरी वेगळं असेल, नाहीतर काप जाड असतील, नाहीतर त्या सोडा घालत असतील. माणसाला आशा केवढी असते.

त्यांच्या मागच्या पडवीत चूल मांडलेली. फणस मी पोचायच्या आधीच फोडून झाला होता आणि परातीत काप पसरले होते. मी हात-पाय धुतले, पाणी प्यायले आणि सहज म्हणून परातीशी गेले. काप माझ्यापेक्षा बारीक होते. सगळे एका जाडीचे. तेलाचा वास घेतला, खोबरेल होतं. मी सोडा शोधला नाही, कारण तोवर मला कळून चुकलं होतं की तो असणार नाही.

चुलीपुढे पाटावर प्राची बसली होती. केस वर बांधलेले, ओढणी कमरेला खोचलेली, हातात झारा.

"अगो, तेल उडेल, ऊठ तिथून," माझ्या तोंडून गेलं.

"उडू दे हो," विहीणबाई म्हणाल्या. त्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या, हात मांडीवर ठेवून. "काल पहिली कढई तिनेच काढलीन्. मी नुसती बसल्येय."

हे मला कधी जमलं नसतं. नुसतं बसणं.

गरे तेलात अर्धेमुर्धे कडक झाले की त्यात मिठाचं पाणी शिंपडतात. तापल्या तेलात पाणी पडलं की जो काही तडतडाट होतो त्याने नवखा माणूस दोन हात मागे सरकतो. प्राची सरकली नाही. तिने वाटीतलं पाणी चमच्याने फिरवून घातलं, कढई खवळली, वाफ उठली, आणि वाफेतून विहीणबाईंचा शांत आवाज आला, "आता बघू नको. ऐक."

प्राचीने मान एका बाजूला कलती केली. तडतड मोठी होती, मग बारीक झाली, मग एकेक थेंब वाजावा तशी राहिली. आणि थांबली.

"आता काढ."

मीही असंच करते. कान देऊन. माझ्या आईने मला सांगितलं नव्हतं, मला ते आपोआप कळलं होतं, आणि ते कोणाला सांगायचं असतं हे माझ्या कधी डोक्यातच आलं नाही. मी तिथे खांबाला टेकून उभी होते आणि माझी मुलगी माझंच काम दुसऱ्या बाईकडून शिकत होती, मन लावून, जीभ ओठाच्या कोपऱ्यात धरून. लहानपणी गणितं सोडवताना अशीच धरायची. ती किती सुंदर दिसत होती! चांगलं वाटायला हवं होतं, पण मला रडू येत होतं, आणि धुराची सोय होती म्हणून बरं झालं.

दोन-तीन कढया निघाल्या. आधीचे गरे निवून मोठ्या डब्यात गेले. मग नवीन कढई निघाली तेव्हा प्राचीने त्यातला एक गरा फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवला. "आई, मीठ बघ गो."

"बरोबर आहे ते," विहीणबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आहे तेवढंच ठेव."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गरम गऱ्याचं मीठ कळत नाही. तोंडात टाकला की अळणीच लागतो. निवला की मीठ वर येतं. गरे तळलेल्या कुठल्याही बाईला हे ठाऊक असतं. निवल्याशिवाय मिठाबद्दल तोंड उघडायचं नाही, मग कोणी कितीही विचारो. लग्नाआधीपासून मला ठाऊक आहे. प्राचीला अजून ठाऊक नव्हतं. तिचा दुसराच दिवस होता तो.

मी गरा चावला. छान झाला होता.

"कमी आहे," मी म्हटलं. "चांगलंच कमी आहे."

प्राचीने सासूकडे वळूनही पाहिलं नाही. बाजूच्या बरणीतून भला मोठा चमचाभर मीठ काढलं, वाटीतल्या पाण्यात टाकलं आणि ढवळलं. एका शब्दावर. विचारलं नाही, थांबली नाही. मी सांगितलं म्हणजे तसं असणार.

विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. कळणार नाही तर काय! रागाने पाहिलं असतं तर मला सोपं गेलं असतं. त्यांनी नुसतं पाहिलं आणि पदराने कपाळ पुसलं. मी वाकून चुलीतलं लाकूड पुढे सारलं, ज्याची काही गरज नव्हती. शेवटच्या दोन कढया त्या पाण्यात निघाल्या आणि त्यांचा स्टीलचा वेगळा डबा भरला.

संध्याकाळी चहाला सगळे पुढच्या ओट्यावर बसलो. डोंगर निळे झाले होते, उकाडा जरा कमी झाला होता. जावयाने नेमका तो स्टीलचा डबा उघडला. मूठभर गरे तोंडात टाकले आणि डोळे मिटून घेतले.

"अरे देवा! मीठ कोणी घातलंन् एवढं?"

प्राचीने एक खाऊन बघितला. गोंधळली. ती काही बोलणार, तेवढ्यात विहीणबाई म्हणाल्या, "माझा हात जड पडला रे. वय झालं आता."

किती सहज म्हणाल्या! दुसरी कोणी असती तर तिने मनातल्या मनात हात जोडले असते. माझ्या अंगाची आग झाली. एवढ्या वर्षांत माझ्या मुलीने गऱ्यांच्या बाबतीत माझं एकदा ऐकलं होतं. एकदा. कसं का असेना, ते माझं होतं, आणि ही बाई तेही आपल्या पदराखाली घालून चालली होती. माझं चुकलेलंसुद्धा मला ठेवायला तयार नाही म्हणजे काय!

"नाही हो," मी म्हटलं. जरा मोठ्यानेच म्हटलं असावं, कारण समोरून जाणारा सायकलवाला वळून बघायला लागला. "त्यांनी नाही घातलंन्. मी सांगितलं, कमी आहे म्हणून. प्राचीने माझं ऐकलंन्."

जावई एकदम विरघळले. "जाऊ दे हो आई, होतं कधीकधी," वगैरे म्हणाले. त्यांना मी मोठ्या मनाची वाटले. वाटू दे, जावयांना तेवढं वाटलेलं बरं असतं.

विहीणबाई मात्र कप गोळा करत उठल्या. "हो," त्या म्हणाल्या. "तुमचंच ऐकलंन् तिने. मी बरोबर आहे म्हणत होत्ये तरी." त्यांनी एका कपात दुसरा कप ठेवला, तो जरा आपटला. तो आवाज माझ्या चांगल्या ओळखीचा होता. आमच्या घरी मोरीतली भांडी वर्षभर तशीच वाजत होती. त्या आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. मला त्या बाईबद्दल पहिल्यांदा काहीतरी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी परत आले. येताना गाडीत खिडकीची जागा मिळाली. घाट मागे पडला, वारा लागला, आणि मी स्वतःशीच म्हणत राहिले की हे बरोबर झालं नाही. म्हणत राहिले, पण झोप मला छान लागली.

पुढच्या आठवड्यात प्राचीचा पुण्याहून फोन आला. हवापाणी झालं, पाणीकपात झाली, ह्यांचं गुडघ्याचं झालं. मग मी सहज, अगदी सहज विचारलं, "गरे संपले काय गो?"

"चांगले होते ते संपले. ऑफिसात नेले होते. ह्या वेळी तर भांडाभांडी झाली."

"आणि ते खारट?"

"ते आहेत घरी."

"अजून? टाक गो ते. कोण खाणार?"

"मी खात्ये," ती म्हणाली. माझ्याशी बोलायला लागली की तिचं पुणं गळून पडतं. "रोज जेवण झालं की दोन-तीन खात्ये, वर तांब्याभर पाणी पित्ये. काय करू? ते कोणाला देता येतात थोडेच?"

"नवऱ्याला दे."

"छे! त्याला हात लावू देत नाही मी."

जप, फार मीठ खाऊ नको, एवढंच म्हणाले आणि फोन ठेवला.

हे खुर्चीतून बघत होते. "काय म्हणत होती?"

"काही नाही," मी म्हटलं. "विहीणबाईंचे गरे ऑफिसातल्या लोकांनी संपवले म्हणे. बिचाऱ्या."